इम्पोर्ट एरर आला की आधी फाईलचं नाव बघा: या चुका टाळा

'मॉड्यूल नॉट फाउंड' (इम्पोर्टने मागवलेली कोडची फाईल, म्हणजे मॉड्यूल, सापडत नाही) दिसलं रे दिसलं की नवशिक्या पोरांचा हात आधी रिइन्स्टॉलवर जातो. नोड मॉड्यूल्स उडव, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट उडव (दोन्ही म्हणजे प्रोजेक्टसाठी उतरवलेल्या लायब्रऱ्यांचे फोल्डर), सगळं परत डाउनलोड. इथे रत्नागिरीत पावसाळ्यात लाईट असते तेव्हा नेट नसतं आणि नेट असतं तेव्हा लाईट, त्यात हे उद्योग कशाला? एरर शेवटपर्यंत वाचा की आधी.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे आपल्या फाईलला लायब्ररीचंच नाव देणं. गणपतीच्या तोंडावर गुहागरच्या एका होमस्टेची बुकिंग साइट, फ्लास्कमध्ये (साइट बनवायची पायथनची लायब्ररी) केलेली, अचानक उठेचना. मालक फोनवर, "ओ भाऊ, मुंबईची माणसं बुकिंगला फोन करून करून दमली, साइट कधी चालू होणार?" शिकाऊ पोराने फ्लास्क रिइन्स्टॉल केलं, मग पायथनचं व्हर्जन बदललं, मग म्हणे सर्व्हरच खराब आहे. एररची शेवटची ओळ होती 'नो मॉड्यूल नेम्ड ईमेल डॉट यूटिल्स, ईमेल इज नॉट अ पॅकेज'. आता ईमेल हे मॉड्यूल पायथनबरोबरच येतं, ते हरवेल कसं? ट्रेसबॅक, म्हणजे एरर कुठून कुठे आला त्याची यादी, वर सरकवत गेलो तर लायब्ररीच्या लांबलचक पाथच्या मधेच एक ओळ आपल्याच प्रोजेक्टच्या फोल्डरची, ईमेल डॉट पीवाय. कन्फर्मेशनचे मेल पाठवायला आमच्या शिकाऊ साहेबांनी आदल्या दिवशी केलेली फाईल! बुकिंग_मेल असं नाव दिलं, साइट चालू.

कारण साधं आहे. पायथन मॉड्यूल शोधताना चालवलेल्या स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये आधी बघतं, स्टँडर्ड लायब्ररी त्यानंतर. वाडीत एकाच नावाचे दोघे असले की पोस्टमन पहिलं घर लागेल तिथे पत्र टाकून मोकळा होतो, तसंच. पायथन 3.13 पासून काही वेळा एररमध्येच 'फाईलचं नाव बदलून बघा' असं सुचवलेलं असतं, पण वाचेल तर ना कोणी. माझी सवय म्हणाल तर नवीन नाव ठरलं की रिकाम्या फोल्डरमध्ये पायथन उघडून तेच नाव इम्पोर्ट करून बघतो, एरर नाही आला तर नाव आधीच कोणीतरी घेतलेलं आहे. रँडम, टेस्ट, कॅलेंडर, टोकन, सगळी घेतलेली आहेत.

दुसरी, लहान-मोठ्या अक्षरांची. आंब्याच्या पेट्या विकायच्या रिॲक्ट (जावास्क्रिप्टची लायब्ररी) साइटवर फाईल होती 'हापूसकार्ड', सगळी अक्षरं लहान, आणि इम्पोर्टमध्ये एच आणि सी कॅपिटल. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरला पडतो, त्यामुळे "माझ्या लॅपटॉपवर चालतंय" हे ऐकावं लागतं. आणि विंडोजवर फाईल रिनेम केली तरी गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) बहुतेक वेळा पत्ताच नसतो, म्हणून मी 'गिट एमव्ही' ही नाव बदलायची कमांड दोनदा मारतो, आधी भलतंच नाव, मग बरोबर. त्यापेक्षा फाईलींची सगळी नावं लहान अक्षरांत ठेवा, कटकट नको.

बाकीच्या पटापट. 'पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल' म्हणजे बहुतेक वेळा दोन फाईली एकमेकींना इम्पोर्ट करतायत, दोघींना लागणारं तिसऱ्या फाईलमध्ये काढा. इम्पोर्ट फंक्शनच्या आत ढकलायचा शॉर्टकट रात्रीपुरता चालेल, पण सकाळी नीट करा. पिप (पायथनच्या लायब्रऱ्या इन्स्टॉल करायचं टूल) एका पायथनचं आणि कोड चालतोय दुसऱ्यावर, हा घोळ नको असेल तर 'पायथन -एम पिप' असंच लिहायची सवय लावा. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवतं ते) पॅकेज डॉट जेसन फाईलीत 'टाइप मॉड्यूल' केलंत की आपल्याच फाईली इम्पोर्ट करताना शेवटी डॉट जेएस लिहावंच लागतं. फाईलीचा डिफॉल्ट एक्स्पोर्ट, म्हणजे ती बाहेर देते ती मुख्य गोष्ट, इम्पोर्ट करताना नावाला महिरपी कंस लावू नका.

आणि एररमध्ये दिसलेलं नाव डोळे मिटून इन्स्टॉल करू नका. 'पीआयएल' हवं असेल तर इन्स्टॉल करायचं 'पिलो', 'सीव्ही2' साठी 'ओपनसीव्ही-पायथन', 'बीएस4' साठी 'ब्युटिफुलसूप4'. मिळत्याजुळत्या नावांची पॅकेजेस मुद्दाम टाकून ठेवणारे लोक आहेत, आणि त्यांच्या पॅकेजमध्ये काय भरलंय ते इन्स्टॉल झाल्यावरच कळतं.