वेअरवूल्फ रोमान्स (माणसातून लांडगा होणाऱ्यांच्या प्रेमकथा) वाचायला घेताय? आधी हे बघा
ठाणे-वाशी लोकलमध्ये खिडकी मिळाली की खुशाल सुरू करा, फक्त आधी नाती पाठ करा: अल्फा म्हणजे टोळीप्रमुख, बीटा त्याचा उजवा हात, लूना अल्फाची बायको आणि मेट म्हणजे नशिबाने ठरवलेला जोडीदार, जिचा नुसता वास आला तरी हिरो गुरगुरतो (हे सारखं होतं, सवय करून घ्या). पहिल्याच चॅप्टरला त्याने तिला सगळ्यांसमोर नाकारलं तर पुस्तक सोडू नका, खरी मजा त्याच्या पश्चात्तापात असते. अ‍ॅपवर फुकटचे चॅप्टर ऐन रंगात संपतात आणि मग पुढचं वाचायला कॉइन्स (पैसे देऊन घ्यायची तिथली नाणी) मागतात, म्हणून एकूण चॅप्टर आधीच बघा. खऱ्या लांडग्यांत मात्र अल्फा शोधू नका, १९९९ मध्ये लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी लिहिलंय की जंगलातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि पोरं.