न शिकलेल्या गळ्यासाठी रियाजाची तयारी

सगळ्यात आधी आपली पट्टी, म्हणजे आपला ‘सा’ किती उंचीवर ठेवायचा ते, शोधा, बाकीचं मागाहून. सोसायटीच्या गणपतीत किंवा कराओकेवर गाणारी बरीच मंडळी मूळ गाण्याच्या पट्टीतच सुरुवात करतात, मग अंतऱ्यात शिरा ताणतात आणि ‘माझा आवाजच चांगला नाही’ म्हणून गाणं सोडून देतात. फार वाईट वाटतं अशा वेळी. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप घ्या. पुरुषांनी काळी एक आणि बायकांनी काळी चार (पेटीच्या सप्तकातला पहिला आणि चौथा काळा सूर) लावून ‘सा’ धरून पाहावा. खाली मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला ‘प’) स्पष्ट ऐकू यायला हवा आणि वर तार षड्जाला (वरच्या ‘सा’ला) हनुवटी उचलावी लागता कामा नये. जमत नसेल तर एकेक स्वर खाली-वर सरकवत जा. पट्टी एकदा ठरली की रियाज तिच्यातच करायचा. बऱ्याच कराओके ॲपमध्ये ट्रॅकची पट्टीही उतरवता येते, ती बिनधास्त उतरवा.

तानपुरा एकाच कानात लावा आणि दुसरा कान स्वतःच्या आवाजासाठी मोकळा ठेवा. पाठ ताठ ठेवून मांडी घाला, एक हात पोटावर ठेवा. श्वास घेताना पोट पुढे यावं, खांदे जागच्या जागी राहावेत. मग दातांतून ‘स्स्’ करत तो सावकाश, एकसारखा सोडा. हे साधलं की त्याच श्वासावर ‘सा’ लावा.

भल्या पहाटे वन रूम किचनमध्ये गायचं कसं, हा मुंबईकराचा प्रश्न अगदी रास्त आहे. पण पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर लांब धरणं, मुळात हलक्या आवाजातच लावायचा असतो, भिंतीपलीकडचं कुणी उठत नाही. पलटे (ठरावीक क्रमाने फिरणारे स्वरसमूह) संध्याकाळी, आकारात म्हणजे ‘आ’ म्हणत आणि संथ लयीत घ्या. लय वाढवायची घाई नको.

रियाज रेकॉर्ड करा आणि फक्त स्वराची सुरुवात ऐका. न शिकलेला गळा बहुधा खालून घसरत स्वरावर येतो. गाताना ते कळत नाही, ऐकताना लगेच कळतं. तोच स्वर थेट लावायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करा. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

पाणी दिवसभर थोडं थोडं प्या. गायच्या आधी गटागटा प्यायलेलं पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना ते लागतच नाही. एसीत बसणाऱ्यांनी हे जास्त सांभाळावं. लोकलच्या खडखडाटात फोनवर ओरडून बोलणं आणि सारखं खाकरणं टाळा. गाताना घसा दुखला तर त्या दिवशी थांबा. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर नुसत्या हळद-दुधावर दिवस काढू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.