वाऱ्यात टिकणारा आकाशकंदील

घोडबंदर रोडला वरच्या मजल्यावर राहायचं म्हणजे खाडीचा वारा आलाच. विकतचा कागदी कंदील पाडव्यापर्यंत फाटायचा. गेल्या दिवाळीत मी कागदच बाद केला आणि आईच्या जुन्या सुती साडीचा कंदील केला.

सांगाडा पारंपरिकच. बांबूच्या 8 इंची 24 कामट्या घेतल्या. चार-चारचे सहा चौकोन दोऱ्याने घट्ट बांधले आणि कोपऱ्याला कोपरा जोडत गेले. मधले आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यासाठी वेगळी काडी लागत नाही. हे हाताने करून बघायलाच हवं, इतकं सुंदर आहे ते!

चिकटवायला घरचीच खळ: कपभर पाण्यात दोन चमचे मैदा, गुठळी न होऊ देता शिजवलेला. काठाचं कापड खळीत भिजवून कामटीवर ताणून दुमडायचं. वाळलं की ते ढोलकीसारखं ताठ बसतं. वरचा आणि खालचा चौकोन मात्र उघडाच ठेवायचा. त्यातून वारा आरपार जातो, दिव्याची उष्णताही. आत 7 वॅटचा एलईडी, कारण जुना पिवळा बल्ब फार तापतो.

खालच्या दोन कोपऱ्यांना नायलॉनची दोरी बांधून ती ग्रिलला ओढून घेतली, म्हणजे हेलकावे थांबले. खर्च फक्त कामट्या, दोरा आणि झिरमिळ्यांचा.

तुळशीच्या लग्नानंतर झिरमिळ्या काढल्या आणि तोच कंदील हॉलच्या कोपऱ्यात टांगला. साडीच्या काठाची जर आतल्या उजेडात छान उठून दिसते. वर धूळ बसते, ती कोरड्या ब्रशने झटकायची. पाणी लावलं तर खळ सुटेल.