जंगली टोमॅटोशी क्रॉस करताय? या चुका टाळा

टोमॅटोला चव राहिली नाही म्हणून सगळेच ओरडतात, मग कुणीतरी सांगतं की जंगली जातीशी क्रॉस करून बघ. चव येते खरंच, पण मधेच काहीतरी घोळ होतो आणि दोन सीझन पाण्यात जातात. माझेही गेलेत.

पहिला घोळ म्हणजे जंगली फळ चाखायचं, थू करायचं आणि झाड उपटून टाकायचं. अहो, सोलॅनम चमिएलेव्स्की या जंगली टोमॅटोचं फळ पिकलं तरी हिरवंच, खायच्या लायकीचं नाही, पण जंगली टोमॅटोंचे अभ्यासक चार्ल्स रिक यांनी १९७४ मध्ये त्याच्याच क्रॉसमधून जास्त गोडीची लाल फळं काढून दाखवली. पेनेली या दुसऱ्या जंगली जातीचंही तसंच, फळ हिरवं पण साखर वाढवणारा जीन त्यात सापडला. म्हणजे जंगली फळाच्या चवीवरून काहीच ठरवू नका. नवखे असाल तर पिंपिनेलिफोलियम ही जंगली जात घ्या (आम्ही पिंपीच म्हणतो), लाल, वाटाण्याएवढं फळ, क्रॉस दोन्ही बाजूंनी लागतो.

हिरव्या फळवाल्यांचं मात्र तसं नाही. पेनेली किंवा हॅब्रोकायटिस (हीही जंगली जातच) असेल तर साधा टोमॅटो आई आणि जंगली बाप, असंच करायचं, उलटं केलंत तर परागनलिका मधेच अडकते आणि फळच धरत नाही. पेरुव्हियानम या जंगली जातीच्या नादी तर घरी लागूच नका, फळ धरतं पण आतला गर्भ मरतो, लॅबमध्ये काढून वाढवावा लागतो.

बी उगवत नाही म्हणून फेकू नका. गालापागोस बेटांवरच्या जंगली जातीचं बी महाकासवाच्या पोटातून गेलं की चांगलं उगवतं हेही रिकनीच दाखवलं, आपल्याला कासव नको, अर्धं घरगुती ब्लीच अर्धं पाणी, त्यात बी ३० मिनिटं ठेवा आणि मग भरपूर धुवा.

क्रॉस करताना आईच्या झाडावरची कळी उमलायच्या आदल्या दिवशीची हवी, पाकळ्या फिकट पिवळ्या असतानाच चिमट्याने पुंकेसरांची नळी अलगद काढायची. मी सुरुवातीला छान गडद पिवळी उमललेली फुलं निवडली, आठ फळं धरली, आनंद झाला, आणि पुढच्या वर्षी आठही झाडं हुबेहूब आईसारखी, कारण स्वतःचे पराग आधीच पडून गेले होते.

आता खरी गंमत. १०० ग्रॅमचा टोमॅटो आणि १ ग्रॅमची पिंपी यांचं पहिल्या पिढीतलं फळ ५० ग्रॅमचं नाही येत, साधारण १० ग्रॅमच्या आसपास येतं, आणि लोक निराश होऊन तिथेच सोडतात. सोडू नका, त्याच फळाचं बी पेरून दुसरी पिढी घ्या, आणि पाच झाडांवर भागवू नका. चमिएलेव्स्कीचा साखरेचा जीन रिसेसिव्ह आहे (आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो), चारात एका झाडात दिसणार, म्हणजे पाच झाडं लावलीत तर एकातही न दिसण्याची शक्यता २४ टक्के, १६ लावलीत तर १ टक्का. मोठं फळही हवं असेल तर अजून खूप जास्त लावा. त्यात साध्या टोमॅटोशी परत क्रॉस केलात की तो जीन सगळ्याच झाडांत लपतो, तेव्हा मधे एक पिढी स्वतःचंच बी धरून, चाखून मग पुढे जा. घाईत सलग बॅकक्रॉस (म्हणजे हाच परतीचा क्रॉस) करणाऱ्यांच्या हाती शेवटी मूळचाच टोमॅटो येतो.

अजून एक, देठाजवळ गडद हिरवा खांदा दिसला की लोक ते झाड रोगट समजून काढतात! अरे तोच तर हवाय. बाजारात एकसारखी पिकणारी फळं हवीत म्हणून जो गुण निवडला गेला त्यात एक जीन बंद पडला आणि साखर कमी झाली, हे २०१२ मध्ये कळलं. जंगली बाप तो चालू जीन परत आणतो.

ब्रिक्स मीटर (रसातली साखर मोजायचं यंत्र) घेतला म्हणजे झालं असंही नाही, तो गोडी सांगतो, वास नाही, आणि टोमॅटोची अर्धी मजा वासात. छोट्या, कमी पाणी दिलेल्या फळाचं ब्रिक्स तसंही वर जातं, त्यामुळे सगळ्या झाडांना पाणी सारखंच द्या. आणि चाखायची फळं फ्रिजमध्ये ठेवू नका, १२ अंशांच्या खाली गेली की वास बनवणारे जीन मंदावतात, साखर तेवढीच राहते पण फळ मुकं लागतं. मी एकदा आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलेली फळं चाखून सगळ्यात चांगल्या झाडांची लाइन बाद केली होती, नशीब बी आधीच काढून ठेवलं होतं.