शिडाची बोट आतून कशी मोजायची

गेटवेसमोर नांगरलेल्या दोन बोटींपैकी एक निवडायची होती, तेव्हा मी शिंप्याची मोजपट्टी घेऊन गेले. बोटीची लांबी पाहून घाई करू नका. ३० फुटी दोन बोटींत रुंदी वेगळी असली की आतलं घरच बदलतं.

आधी उभं राहून बघा, तेही चुलीपाशी. दारात डोकं लागत नाही म्हणून सगळीकडे लागणार नाही असं नसतं. मग आडवे व्हा, चपला काढून, पूर्ण. माझा नवरा सहा फूट. त्याला साडेसहा फुटांची जागा लागते. नाळेकडची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, झोपायची जागा पायाशी निमुळती होते, तिथे दोघांचे पाय एकमेकांत अडकतात. ‘सहा जणांची सोय’ म्हटलं तर त्यात जेवणाचं टेबल खाली पाडून केलेला पलंगही धरलेला असतो. सकाळचा चहा मग कुठे ठेवणार?

रुंद, मोकळी खोली धक्क्याला छान दिसते. पण वाऱ्यात बोट कलली की हाताला धरायला काहीतरी जवळ हवं. अरुंद बोटीत मला जास्त सुरक्षित वाटलं.

आपल्याकडे एक गोष्ट विसरूच नका: हवा. झडपा किती उघडतात, मोजा. एप्रिलच्या दुपारी सगळ्यांना आत बसवून पंधरा मिनिटं थांबा. एलिफंटाच्या लाँचची लाट येऊ द्या. गाद्या उचलून खाली ओल आहे का, हात फिरवून बघा.