भात लावणीच्या हंगामात जुनाट कंबरदुखी कशी सांभाळावी

आषाढातला पाऊस धरला की कोकण, मावळ, मुळशी, भोर आणि इगतपुरीच्या पट्ट्यात लावणी, तर भंडारा-गोंदियाकडे रोवणी एकदम अंगावर येते. रोप वयात आलेले असते, खाचरात पाणी तुंबलेले असते, पॉवर टिलर ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी चिखलणी उरकावी लागते आणि चिखल घट्ट बसण्याआधी रोप जमिनीत जावे लागते. ज्यांची कंबर तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत आहे, त्यांना या घाईत दोनच वाटा दिसतात. गोळी खाऊन खाचरात उतरायचे किंवा हंगामभर घरी बसायचे. दोन्ही वाटा टाळता येतात, मात्र त्यासाठी रोप, खत आणि माणसे यांच्याबरोबर वाकण्याच्या वेळेचेही नियोजन लावणीआधीच करावे लागते.

कंबरदुखीवर नेहमी दिला जाणारा सल्ला म्हणजे गुडघे वाकवा आणि पाठ सरळ ठेवा. वजन उचलताना तो ठीक आहे, पण पोटरीभर चिखलात उभे राहून जमिनीत रोप खोचणाऱ्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण सरळ पाठीने भाताची लावणी होत नाही. त्यामुळे वाकावे की न वाकावे हा प्रश्न बाजूला ठेवून तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे: सलग किती वेळ वाकायचे, वाकून झाल्यावर लगेच काय करायचे, आणि एकूण किती वेळा वाकायचे.

माणूस कमरेतून पूर्ण वाकला की एका टप्प्यानंतर पाठीचे स्नायू जवळजवळ स्वस्थ होतात आणि धडाचा भार मणक्यांच्या मागील अस्थिबंधांवर व मणक्यांमधील गाद्यांवर येतो. हे अस्थिबंध हळूहळू ताणले जाऊन सैल पडतात आणि उभे राहिल्याबरोबर पूर्ववत होत नाहीत. पहिल्या एक-दोन मिनिटांत बरीच सुधारणा होते, पण पूर्ण सावरायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू शकतो. दिवसभर लावणी करून काही झाले नाही आणि बांधावर आल्याआल्या युरियाची गोणी उचलताना उसण भरली, अशी हकिगत गावोगाव ऐकू येते, ती यामुळेच. सैल पडलेल्या कमरेवर अचानक वजन आलेले असते.

यासाठी पहिली शिस्त अशी की सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ वाकून राहू नये. खाचरात घड्याळ कोणी पाहत नाही, म्हणून हातातली रोपांची जुडी संपणे हीच खूण धरावी. जुडी संपली की पाय खांद्याइतके फाकवून चिखलात नीट रोवावेत, दोन्ही तळवे कमरेवर ठेवावेत आणि सावकाश मागे झुकून सरळ व्हावे. असे पाच वेळा करायला अर्धे मिनिटही लागत नाही. मात्र ज्यांना, विशेषतः साठीच्या पुढच्या माणसांना, चालताना पाय भरून येतात आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरे वाटते, त्यांनी मागे झुकू नये. त्यांच्या मणक्यातील नसांची वाट अरुंद झालेली असण्याची शक्यता असते. त्यांनी त्याऐवजी बांधावर दोन मिनिटे बसावे.

वाकलेले असतानाही भार कमी करता येतो. एक पाय थोडा पुढे, गुडघे किंचित सैल आणि जुडी धरलेल्या हाताचा कोपर त्याच बाजूच्या मांडीवर टेकवलेला, अशा ठेवणीत धडाचे बरेच वजन मांडीवरून पायात उतरते. जुन्या लावणकरणी हे कोणी न शिकवता करतात, नव्या मुलांना मात्र ते मुद्दाम दाखवावे लागते. जुडी दूर पडली असेल तर कमरेतून पीळ घेऊन हात लांबवू नये, पाय उचलून तिकडे जावे. चिखलातून पाय काढण्याचा कंटाळा येतो हे खरे, पण वाकलेल्या स्थितीत घेतलेला पीळ कमरेला सर्वांत महाग पडतो.

सकाळची वेळ अधिक नाजूक असते. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधील गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि वाकल्यावर त्यांच्यावर येणारा ताण दिवसातल्या इतर वेळेपेक्षा जास्त असतो. ज्यांची कंबर सकाळी आखडलेली असते त्यांनी उठल्यापासूनचा पहिला तासभर आवण (रोपवाटिकेतले रोप) काढण्यात किंवा खोल वाकून करण्याच्या कामात घालवू नये. त्या वेळात बांध फिरून पाहणे, पाण्याची वाट मोकळी करणे, जुड्या पोहोचवण्याची व्यवस्था लावणे अशी उभ्याने होणारी कामे घ्यावीत.

आवण काढण्याचे काम लावणीइतकेच कंबर मोडणारे असते, पण ते बसून करता येते. रोपवाटिकेत लाकडी पाट किंवा ठेंगणे स्टूल घेऊन बसावे. त्याचे पाय रुतत असतील तर खाली फळी ठोकून घ्यावी. काढणीपूर्वी वाफ्यात पुरेसे पाणी ठेवले तर रोप हिसका न देता निघते. साधारण एकवीस ते पंचवीस दिवसांच्या रोपाला जेवढी ओढ लागते, त्यापेक्षा महिना उलटलेल्या रोपाला बरीच जास्त लागते. मुळांचा चिखल तिथेच पाण्यात धुऊन काढावा, नाहीतर तोच चिखल डोक्यावर वाहून न्यावा लागतो. चिखल लागलेल्या मोठ्या भाऱ्याऐवजी धुतलेल्या लहान जुड्यांच्या दोन फेऱ्या कराव्यात.

वजनाच्या बाबतीत काही गोष्टी ठरवून टाकाव्यात. युरियाची गोणी ४५ किलोची आणि डीएपीची ५० किलोची असते. ती निसरड्या बांधावरून एकट्याने नेण्यात काही पुरुषार्थ नाही. गोणी घरीच फोडून दोन बादल्यांत सारखी वाटून घ्यावी आणि दोन्ही हातांत समान भार ठेवून न्यावी. पाठीवरचा फवारणी पंप १६ लिटरचा असेल तर पाणीच १६ किलो होते, शिवाय पंपाचे वजन वेगळे. कंबर दुखत असताना तो दहा लिटरपर्यंतच भरावा आणि जमिनीवरून उचलून पाठीला न लावता बांधावर किंवा ओट्यावर ठेवून, पाठ टेकवून खांद्यात घ्यावा. पॉवर टिलर वळवताना कंबर पिळली जाते. ज्याला कळ पायात उतरण्याचा त्रास आहे त्याने या हंगामात ते काम दुसऱ्याकडे द्यावे. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी बराच वेळ हादरे बसल्यानंतर खाली उडी मारू नये, पायरीवर पाय ठेवून उतरावे.

सावड, इर्जिक किंवा पडकई अशा कोणत्याही नावाने गावात कामाची देवघेव होत असेल तर कंबरदुखी असलेल्याची अडचण शरीराइतकीच मनाची असते. ओळीत सगळे वाकलेले असताना आपण एकटे उभे राहिलो तर लोक काय म्हणतील, या संकोचाने माणूस वाकलेलाच राहतो. म्हणून सुरुवातीलाच बोलून घ्यावे की अमुक माणूस तासभर लावील आणि पुढचा तासभर जुड्या पोहोचवील. कामाच्या या आलटापालटीने एकूण काम कमी होत नाही. ओळ धरणाऱ्या घरच्या कर्त्या बाईलाही हीच सवलत हवी, कारण लावणीचा मोठा वाटा बायकांच्या कमरेवर असतो आणि घरी गेल्यावर चुलीपुढचे व धुण्याचे वाकणे त्यांना चुकत नाही. गरोदर स्त्रीला वाकून करण्याच्या लावणीला आणि वजन वाहायला लावूच नये.

आता वाकण्याच्या संख्येकडे येऊ. २० बाय १५ सेंटिमीटर अंतरावर लावणी केली तर एका गुंठ्यात सुमारे ३,३७० चूड (एका जागी लावलेल्या रोपांचे झुबके) लागतात. चारसूत्री या भात लागवडीच्या सुधारित पद्धतीतील नियंत्रित लावणीत, म्हणजे १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरात, ही संख्या सुमारे २,५३० होते. २५ बाय २५ सेंटिमीटर अंतर ठेवले तर ती १,६२० च्या आसपास येते. अंतराची निवड वाण, जमीन आणि रोपाचे वय पाहूनच करावी, पण लावणीकडे कमरेच्या बाजूने पाहणाऱ्यालाही हा हिशेब माहीत असावा. चारसूत्रीत युरिया-डीएपीच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या गोळ्या) चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल हाताने खोचायच्या असतात, म्हणजे त्याच दिवशी वाकण्याची आणखी एक फेरी होते. ती फेरी लावणी केलेल्या माणसाच्याच गळ्यात घालू नये. अंतर मोकळे आणि ओळी सरळ असतील तर पुढची बेणणी (तण काढणे) ढकलत चालवायच्या कोनोविडरने उभ्याने करता येते, हा त्याचा उरलेला फायदा.

लावणी यंत्राचा विचार या वर्षी करायला उशीर झाला आहे, कारण त्याला चटईवर वाढवलेले कोवळे रोप लागते. पुढच्या वर्षासाठी मात्र गावातील, यंत्रे भाड्याने देणाऱ्या अवजारे बँकेत आत्ताच विचारणा करावी आणि अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवरील कृषी यांत्रिकीकरणाची माहिती पाहावी. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राईस तंत्रात गादीवाफ्यावर थेट टोकणी होते, त्यामुळे चिखलणी आणि लावणी दोन्ही वाचतात. तणांचे व्यवस्थापन जमत असेल त्यांनी आधी थोड्या क्षेत्रावर ते करून पाहावे. यंत्र किंवा नवे तंत्र नको असेल त्यांनी निदान हळवे (लवकर तयार होणारे), निमगरवे (मध्यम मुदतीचे) आणि गरवे (उशिरा तयार होणारे) वाण मिळून रोपवाटिका टप्प्याटप्प्याने टाकाव्यात, म्हणजे सगळी लावणी एकाच आठवड्यात कोसळत नाही.

दुखणे किती सहन करावे याचे मोजमाप दुसऱ्या दिवशीच्या सकाळी होते. काम करताना थोडे दुखले आणि सकाळी कंबर नेहमीइतकीच असेल तर तेवढे काम पेलते आहे असे समजावे. सकाळी दुखणे स्पष्टपणे वाढलेले असेल तर त्या दिवशी वाकण्याचा वेळ एक तृतीयांशाने कमी करावा, पण खाटेवर पडून राहू नये, कारण पडून राहिल्याने जुनाट कंबरदुखी सुधारत नाही, उलट स्नायू दुबळे होतात. कळ मांडीतून पोटरीकडे आणि पावलाकडे उतरू लागली तर काम थांबवावे. ती पायातून वर सरकून कमरेपाशी गोळा होत असेल तर सहसा ते बरे होण्याचे लक्षण असते. ‘गादी सरकली’ हा शब्द एकदा कानावर पडला की माणूस कायमचा घाबरतो. प्रत्यक्षात कंबर कधीच न दुखलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही गादीचे असे बदल दिसतात, त्यामुळे केवळ अहवालावरून शेती सोडण्याचा निर्णय घेऊ नये.

घरी आल्यावर गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी पंधरा मिनिटे शेकण्यास पुरते. तेल चोळून बरे वाटत असेल तर हरकत नाही. उसण काढण्यासाठी पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाची लाथ खाण्याची चाल अजून काही ठिकाणी आहे. त्यात हसण्यासारखे बरेच असले तरी झीज झालेल्या मणक्याला असा धक्का देणे धोक्याचे आहे. बिब्ब्याने डागणे तर या दिवसांत मुळीच करू नये, कारण भाजलेल्या कातडीच्या जखमेतून चिखलातले जंतू सहज शरीरात शिरतात. कमरेच्या पट्ट्यावरही फार विसंबू नये. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी दिलेल्या मार्गदर्शनात पट्टे आणि वजन लावून ओढ देण्याचे उपचार नेहमीसाठी वापरू नयेत असे म्हटले आहे, तर व्यायाम आणि दुखण्याविषयीची योग्य समज यांना महत्त्व दिले आहे.

डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून रोज सकाळी घेणे ही या हंगामातली सर्वांत वाईट सवय होय. पावसात तहान जाणवत नाही, पाणी कमी प्यायले जाते आणि अशा कोरड्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. रिकाम्या पोटी घेतल्यास जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचाही धोका असतो. ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी घेऊ नये. गोळी घ्यावीच लागली तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, थोडे दिवस आणि जेवणानंतर घ्यावी. ती घेऊन जास्त काम ओढू नये.

लावणीच्या दिवसांत ताप येऊन कंबर आणि पोटऱ्या जोराने दुखू लागल्या, डोके दुखले, डोळे लाल झाले तर ती नेहमीची कंबरदुखी समजून अंगावर काढू नये. भातखाचरात काम करणाऱ्यांना होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची हीच लक्षणे असतात. हा आजार उंदीर व जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमांवाटे शिरतो. पहिल्या एक-दोन दिवसांतच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आपण खाचरात काम करतो हे आवर्जून सांगावे. वेळेवर औषध मिळाल्यास तो बरा होतो, उशीर झाल्यास मूत्रपिंड आणि यकृतावर जातो. लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेची व बसण्याची जागा बधिर होणे, पाऊल लुळे पडणे यांपैकी काहीही घडले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे, गरज पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप आणि घटणारे वजन ही मणक्याच्या क्षयाची खूण असू शकते, त्याची तपासणी हंगाम संपण्याची वाट न पाहता करावी.

लावणी उरकल्यावर बेणणीपर्यंत जी दोन-तीन आठवड्यांची उसंत मिळते, ती कमरेला बळ देण्यात घालवावी. रोज अर्धा तास सपाट वाटेने चालावे. उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलावी आणि पाच सेकंद धरून खाली आणावी, असे दहा वेळा करावे. हातापायांवर रांगते होऊन उजवा हात व डावा पाय एकाच वेळी सरळ करावा, मग बाजू बदलावी. या व्यायामाने कळ पायात उतरत असेल तर तो बंद करून फिजिओथेरपिस्टला विचारावे. आश्विनात हळव्या भाताची कापणी सुरू होते, तेव्हा ठेंगणे पाट आणि चांगल्या दातांचा वैभव विळा (दातेरी विळा) आधीच तयार ठेवावा, कारण बोथट विळ्याला लागणारा प्रत्येक हिसका कमरेतून द्यावा लागतो.