विणकामाच्या ग्रुपला खाऊ नेताय? मग काय न्यायचं आणि कसं न्यायचं ते वाचा

विणकाम, भरतकाम, गोधडी, काहीही असो, ग्रुप जमला की खाऊ आलाच, आणि तो घरचाच असावा हे माझं ठाम मत आहे. पण भिशीचा मेन्यू इथे जसाच्या तसा नेऊन चालत नाही. भिशीत सगळ्या बश्या घेऊन निवांत बसलेल्या असतात, इथे प्रत्येकीच्या मांडीवर काम असतं, कोणाचं पांढऱ्या दोऱ्याचं तोरण, कोणाचं नातवासाठीचं स्वेटर, कोणाची आजीच्या नऊवारीची गोधडी, आणि ती साडी काही परत मिळत नाही. म्हणून पदार्थ ठरवताना आवडीनिवडीच्याही आधी तो खाल्ल्यावर हात कसे होतील ते बघायचं.

या हिशोबाने बटाटेवडा, भजी, मिसळ बाद. भडंग आणि चिवडा मला स्वतःला जीव की प्राण, पण हळद आणि तेल दोन्ही एकदम बोटांना लागतं, चमचा ठेवला तरी सगळे हातानेच घेतात, आणि सुती दोऱ्यावर हळदीचं बोट उमटलं की मग ते घासत बसा. जिलबी, पाकातले चिरोटे, गुलाबजाम नकोच. नानकटाई आणि खारी कोरडी म्हणून बरी वाटते पण तिचा भुगा लोकरीत जाऊन बसतो तो टाका-टाका झटकून काढावा लागतो. आणि हां, लोकर वास फार पटकन धरते, त्यामुळे ज्या खोलीत विणकाम चाललंय तिथे गरम तळण करत बसू नका, घरूनच करून न्या.

मग न्यायचं काय, तर एका घासात संपेल आणि बोट पुसलं की स्वच्छ होईल असं. खारी-गोड शंकरपाळी आदल्या दिवशी तळून कागदावर पसरून ठेवलेली, रव्याचे लाडू पण नेहमीसारखे मोठे न वळता आवळ्याएवढे, खजुराच्या वड्या, थंडीत तिळाच्या वड्या, दशम्यांचे पट्टे कापून गुंडाळ्या. चटणी सँडविच न्यायचं असेल तर दोन्ही स्लाइसना आतून कडेपर्यंत बटर लावा, त्याने चटणीचं पाणी ब्रेडमध्ये मुरत नाही, आणि छोटे चौकोन कापून प्रत्येकाला टूथपिक टोचा.

माझ्या मते या कामाला सगळ्यात उत्तम म्हणजे रव्याचा पांढरा ढोकळा, हळद अजिबात नाही. 1 वाटी बारीक रवा, 1 वाटी जरासं आंबट दही, चवीला आलं-मिरचीचं वाटण, मीठ, 1 चमचा तेल, आणि लागेल तसं पाणी, साधारण पाव ते अर्धी वाटी लागतं, इडलीच्या पिठापेक्षा किंचित घट्ट ठेवा. 20 मिनिटं झाकून ठेवलं की रवा फुगतो आणि पीठ घट्ट होतं, तेव्हा परत थोडं पाणी घालून सैल करा. स्टीमरमध्ये पाणी उकळायला लागल्यावरच 1 छोटा चमचा इनो घाला, हलक्या हाताने एकाच दिशेने ढवळा आणि लगेच तेल लावलेल्या ताटलीत ओतून 12 ते 15 मिनिटं वाफवा, सुरी घालून कोरडी निघाली की झालं. पूर्ण गार होऊ द्या मगच कापा. फोडणी अगदी चमचाभर तेलाची, मोहरी, तीळ, कढीपत्ता, आणि वरून ओतण्यापेक्षा ब्रशने किंवा चमच्याच्या पाठीने पसरवा म्हणजे तेल एका जागी साचत नाही. ओली चटणी देऊ नका, खरं सांगते, लागत नाही. डबा बंद करायच्या आधी ढोकळा नक्की गार झालाय ना ते बघा, नाहीतर झाकणाला वाफ धरून तेच पाणी खाली पडतं आणि वरचा थर चिकट होतो. दह्याचा पदार्थ आहे, त्यामुळे सकाळी करून संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवायचा नाही, निघायच्या तासभर आधी करा. बाहेर ठेवलेलं ओलं खाणं साधारण 2 तासांत संपवायचं, आणि मे महिन्याच्या उकाड्यात तर 1 तासातच. ओल्या नारळाचं काही असेल तर ते उन्हाळ्यात नेऊच नका.

तारीख ठरली की आधी कालनिर्णय उघडा. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार किंवा नवरात्र असेल तर निम्म्या जणींचा उपवास निघतो, आणि त्या नुसत्या चहावर बसल्यात हे बघवत नाही. उपवासाला साबुदाण्याची खिचडी नेऊ नका, गार झाली की गोळा होते, त्यापेक्षा राजगिऱ्याचे लाडू, बटाट्याच्या किसाचा तळलेला चिवडा, केळी. बरं, उपवासाला काय चालतं हे प्रत्येक घरी वेगळं असतं, कोणाकडे जिरं-कोथिंबीर चालते कोणाकडे नाही, तेव्हा गृहीत न धरता "काकू, तुमच्याकडे चालतं ना?" असं सरळ विचारायचं, त्यांना बरंच वाटतं. ग्रुपमध्ये जैन मैत्रिणी असतील तर एक तरी पदार्थ कांदा, लसूण, बटाट्याशिवाय हवा आणि खाणं सूर्यास्ताच्या आत व्हायला हवं. केक असेल तर अंडं आहे की नाही ते सांगा. आणि आपल्याकडे दाण्याचं कूट सगळ्यात असतं पण दिसत नाही, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या व्यक्तीला ते महागात पडू शकतं, म्हणून डब्यावर कागदाची पट्टी चिकटवून पदार्थाचं नाव आणि त्यात दाणे, काजू, तीळ काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहा.

सगळ्यांनी सगळं आणायचं नाही. 12 जणी असतील तर 4 जणींनी आणायचं, पाळीपाळीने, दोन तिखट एक गोड आणि एकीने फळं किंवा उपवासाचं. माणशी 2 तुकडे धरले तर 24, वर 5-6 जास्तीचे, तेवढं पुरतं. जिला करायला जमत नाही तिने चहाचं बघावं, तेही तेवढंच मोलाचं काम आहे.

खायची जागा आणि कामाची जागा वेगळी हे मात्र अगदी कडक पाळा. मधे अर्धा तास सुट्टी, सगळ्यांनी कामं पिशवीत घालायची, सुया मोजून ठेवायच्या, मगच डबे उघडायचे. खाऊन झालं की साबणाने हात धुवायचे, नुसत्या सॅनिटायझरने तेल जात नाही, आणि हात पूर्ण कोरडे करून मगच दोरा हातात.

तरी डाग पडलाच तर घासू नका. तेलाचा असेल तर टिपून घ्या, वर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लॉवर दाबून 15-20 मिनिटं ठेवा, झटका आणि मग भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, घाबरू नका, धुवून उन्हात वाळवला की फिका पडत जातो, पण रंगीत दोरा असेल तर जास्त वेळ उन्हात ठेवला तर तोही उडतो, तेव्हा लक्ष ठेवा. चहा सांडला तर लगेच गार पाणी. लोकरीला गरम पाणी नाही म्हणजे नाही, आटते आणि गठ्ठा होतो. रेशमी दोऱ्याच्या भरतकामाला पाणी लावायच्या आधी मागच्या बाजूला ओला पांढरा कपडा दाबून रंग सुटतोय का ते बघा.

उरलेलं आणलेल्या बाईच्या माथी मारू नका, घरी एकट्या राहणाऱ्या ज्या आहेत त्यांना आधी बांधून द्या, ढोकळ्यासारखं ओलं सोडून, लाडू-शंकरपाळी वगैरे. डब्याच्या तळाला नेलपेंटने आद्याक्षरं घाला, कारण स्टीलचे डबे सगळे सारखेच दिसतात. दुसरीचा डबा घरी आला असेल तर पुढच्या वेळी घासून आणा, आणि रिकामा द्यायचा नाही असं आपल्यात असतं तर त्यासाठी वेगळं काही रांधायची गरज नाही, चार कढीपत्त्याच्या काड्या किंवा दोन लिंबं पुरतात.